उलटवलेली पाकिटं

माझ्या जिभेला एकेकाळी पगार मिळायचा. घरात आजही कुणाचा विश्वास बसत नाही. त्यांच्या मते ती आयुष्यभर फुकटच चालली.

लग्न होऊन मी अंबरनाथला आले ती कारखान्याच्या वसाहतीत. यजमान शिफ्टला जायचे, घरात करायला काम थोडं आणि सांगायला सासूबाई फार. म्हणून मी स्टेशनजवळच्या एका टपाल पाठवणाऱ्या ऑफिसात लागले. कंपन्यांची माहितीपत्रकं तिथे गठ्ठ्यांनी यायची. ती घडी करायची, पाकिटात घालायची, पत्ता चिकटवायचा, पिनकोडप्रमाणे लावायची आणि पोत्यात भरून पोस्टात धाडायची. पाकिटाचा गोंद ओला करायला ओला स्पंज दिलेला असायचा. पण स्पंजापर्यंत हात न्यायचा, परत आणायचा, हा वेळेचा अपव्यय आहे, असा शोध मी लावला. मी सरळ जीभ फिरवायची. सगळ्या बायकांत मी पहिली! संध्याकाळी घरी आले की जीभ टाळ्याला चिकटलेली, तोंडातून शब्द फुटत नसे. सासूबाई म्हणायच्या, "नोकरी चांगली आहे हो. सोडू नकोस."

त्या काळच्या मला तुम्ही पाहायला हवं होतं. चकचकीत कागद म्हणजे प्रगती, असं माझं ठाम मत. ज्या पत्रकावर प्लॅस्टिकचा थर नाही, ते मला उघड्या अंगाने बाजारात आल्यासारखं वाटायचं. एकाच माणसाच्या नावाने चार पाकिटं निघाली, एकात आडनाव आधी, एकात नाव आधी, एकात नुसती आद्याक्षरं, तर मी मैत्रिणींना म्हणायची, "बघा, केवढा मोठा माणूस असेल!" आणि पाकिटाला पत्ता दिसण्यासाठी जी पारदर्शक प्लॅस्टिकची खिडकी असते ना, तिचे उरलेले तुकडे मी घरी आणून त्यांचं दाराला तोरण केलं होतं. उन्हात काय चमकायचं! दिवाळीला ते मी साबणाने धुतलं. आंब्याची पानं आपली वाळून जातात, गरीब बिचारी. माझं तोरण वाळलं नाही, सुकलं नाही, कुजलं नाही. पुढे कधीतरी ते कचऱ्यात गेलं. आजही वालधुनी नदीच्या काठाला कुठेतरी अडकून माझं नाव काढत असेल.

हे सगळं सांगायचं कारण, माझ्या सुनेने तोच धंदा काढला.

ती मुंबईला एका जाहिरातीच्या ऑफिसात होती. ते सोडून तिने अंबरनाथ पूर्वेला एमआयडीसीत एक गाळा भाड्याने घेतला. हल्ली टपाल कोण पाठवतं, असं मला सगळे विचारतात. पाठवतात हो. बँका पाठवतात, बियाणांच्या कंपन्या पाठवतात, धर्मादाय संस्था देणगीची पत्रं पाठवतात. फोनवरचा मेसेज माणूस अंगठ्याने ढकलून देतो, पाकीट मात्र निदान उचलून टेबलावर तरी ठेवतो. पण सुनेची पद्धत निराळी. कागद जुन्या कागदापासून केलेला. त्यावर थर नाही, चमक नाही. शाई एकच, काळी. पाकिटाचं माप असं की मोठा कागद कापताना कडेला चिंधी उरू नये. गोंद पिठाचा. पोती तागाची. आणि काम घेतलं की आधी पत्त्यांची सफाई: एका माणसाला एकच पत्र, घर सोडून गेलेल्याला नाही, देवाघरी गेलेल्याला तर नाहीच, आणि ज्याने नको म्हणून कळवलं त्याला पुन्हा कधीच नाही.

"आई, सगळ्यात चांगलं पत्र कोणतं, सांगू? जे पाठवावंच लागलं नाही ते," ती मला एकदा म्हणाली.

"मग गाळा कशाला उघडलास?" मी विचारलं. "घरी बसून कितीतरी पत्रं न पाठवता आली असती."

ती हसली. पण ते हसणं नंतर नंतर कमी होत गेलं. कारण तिची ही पद्धत गिऱ्हाइकांना ऐकायला फार आवडायची आणि काम मात्र ते लोक दुसरीकडे द्यायचे. शेवटी गाळ्याच्या मालकाने विचारलं, महिनाअखेर चावी देणार की ठेवणार? तिकडे मुंबईच्या जुन्या ऑफिसने तिला परत बोलावलं होतं. तेवढ्यात डोळ्यांची ऑपरेशनं फुकट करणारी एक संस्था आली. वर्षभराचं टपाल द्यायचं होतं त्यांना. आधी एक छोटी खेप नमुन्यादाखल करून दाखवा म्हणाले, पसंत पडली तर वर्षाचं काम तुमचं. सुनेने मला जेवताना सांगितलं, "हे मिळालं तर गाळा राहील, आई. नाही तर एक तारखेपासून मी परत लोकल धरते." आणि ताटातली भाजी चिवडत बसली. माझा जीव तुटला. तिच्यासाठी तर तुटलाच, पण थोडा माझ्यासाठीही. त्या गाळ्यात पंख्याखाली माझी एक खुर्ची आहे. तिथे बसून मी सल्ले देते. घरी मी सल्ले दिले तर टीव्हीचा आवाज वाढवतात.

गाळ्यात कामाला बायका येतात त्या बारवी आणि वांगणीकडच्या पाड्यांवरून. भाताची कामं संपली की त्यांना इकडे यायला सवड होते. बदलापूरपर्यंत मिळेल त्या गाडीने, पुढे शेअर रिक्षा. त्यांच्यातली जी मोठी आहे तिला सगळ्या वहिनी म्हणतात, म्हणून मीही वहिनी म्हणते, जरी ती माझ्या मुलीच्या वयाची असली तरी. तोंडाने माझ्या तोडीची आहे.

पाकिटं आली उल्हासनगरच्या चाचांकडून. हे सिंधी चाचा कॅम्पात कागदाचा व्यापार करतात, नवा कागद विकतात आणि जुनी रद्दी लगदा करायला मिलला पाठवतात. मी त्या जुन्या ऑफिसात होते तेव्हा ते वडिलांच्या हाताखाली नवीनच आलेले. तेव्हापासून मला भाभी म्हणतात.

पाकिटं कोरी होती. अगदी कोरी. बाहेर एक अक्षरही छापायचं नव्हतं. पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं, दोन्ही नावं आतल्या पत्रावरच, आणि ती दिसणार मधोमध कापलेल्या खिडकीतून. त्या खिडकीला प्लॅस्टिक नाही. नुसतं भोक. रंग मातकट.

"ये देखो साईं," चाचांनी सुनेला एक पाकीट देत सांगितलं, "ह्यात काय गडबड नाही. मॅडम बादलीत टाकून बघणार, मीच शिकवलंय त्यांना. पानी में डालो, हिलाओ. जे विरघळलं ते कागद, जे तरंगलं ते पाप."

म्हणजे संस्थेच्या मॅडम नमुना बघायला येतील तेव्हा एक पाकीट पत्रासकट बादलीत घालणार, हे ठरलेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या येणार होत्या. सून पत्रं छापून आणायला विठ्ठलवाडीच्या छापखान्यात गेली. जाताना मला म्हणाली, "आई, तुम्ही फक्त पाकिटं मोजून गठ्ठे करून घ्या. बाकी काही करू नका."

'बाकी काही करू नका' हे वाक्य मला जन्मात कधी नीट ऐकू आलेलं नाही.

आम्ही गठ्ठे करायला बसलो. वहिनीने एक पाकीट उचललं, उजेडाकडे धरलं, त्या भोकातून माझ्याकडे पाहिलं आणि खाली ठेवलं.

"आजे, ह्ये मयताचं पत्र वाटतंय."

मी हात मागे घेतला. खरंच की! ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे पूर्वी कोणी गेल्याचं कार्ड यायचं ते कोपरा फाडलेलं. पोस्टमनच्या हातात फाटका कोपरा दिसला की आळीतल्या बायका आधी रडायला लागायच्या, कोण गेलं ते मग विचारायच्या. ते कार्ड घरात ठेवायचं नाही, वाचून लगेच फाडायचं. आणि शुभकार्याची पत्रिका असली तर तिच्या चार कोपऱ्यांना हळदीकुंकू. मग हे आमच्यासमोरचं काय होतं? मातकट रंग, वर एक अक्षर नाही, आणि मधोमध कागद फाडलेला.

"म्हाताऱ्या मान्सांच्या घरी जानार ना ह्ये?" दुसरी म्हणाली. "डोल्यांच्या आपरेशनसाठी? पाकीट बगूनच आंधारी यील."

"मुकाट कामाला लागा," मी म्हणाले. पण माझ्याही मनात पाल चुकचुकली. कोण उघडेल हे? आणि कुणी उघडलंच नाही, तर मॅडम काम कशाला देतील? सुनेचा गाळा जाईल. तिच्या पहिल्या मोठ्या कामाला निघालेली पाकिटं, आणि त्यांना एक बोटही लागलेलं नाही कुंकवाचं!

मी पिशवीतून कुंकवाची कोयरी काढली. वहिनीकडे हळद होती, बायकांच्या डब्यात काय नसतं. एका वाटीत कुंकू कालवलं, एका वाटीत हळद, आणि बसलो. मला वाटलं होतं, वरच्या एकाला लावावं, देवापुढे ठेवावं, झालं. पण वहिनी म्हणाली, "एकाच घराला शुभ आन् बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?" हे मला पटलं. चार कोपरे, चार बोटं. एकीने गाणं धरलं. आम्ही असं काम केलं म्हणून सांगू, लग्नघर झालं होतं गाळ्याचं. अर्ध्याहून जास्त पाकिटं होऊन गेली.

सून दारात येऊन उभी राहिली तेव्हा गाणं कुठल्या शब्दावर थांबलं ते मला अजून आठवतं, पण तो शब्द इथे लिहिण्यासारखा नाही.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. छापलेल्या पत्रांचा गठ्ठा तिने खाली ठेवला, एक पाकीट उचललं, कुंकवावरून बोट फिरवलं. बोट लाल झालं.

"आई, हे बाजारचं कुंकू?"

"हो. चांगलं महागाचं आहे."

"रंग आहे तो. रसायन. एक शाई, तीही काळी, असं लिहून दिलंय मी त्यांना." मग हळूच म्हणाली, "नवीन पाकिटं उद्यापर्यंत मिळणार नाहीत. आणि मिळाली तरी ही एवढी फेकून देऊ? कागद वाचवण्याच्या कामात एवढा कागद फेकला तर मी कुठल्या तोंडाने बोलू?"

चाचांना फोन केला. "भाभी ने क्या किया?" ते तिकडून विचारत होते, आणि मग इतके हसले की त्यांना खोकला लागला. पाकिटं मात्र त्यांच्याकडे नव्हती.

सून माझ्याच खुर्चीत बसली. वहिनीने तिला मयताच्या पत्राचं सगळं सांगितलं. मी ते पाकीट हातात घेऊन उलटंसुलटं करत होते आणि करता करता मला माझे सासरे आठवले.

सासरे आलेलं पाकीट कधी टाकत नसत. भांड्याच्या वाफेवर धरायचे, जोड सोडवायचे, आतली बाजू बाहेर काढायचे आणि खळीने पुन्हा चिकटवायचे. झालं नवं पाकीट. मला त्याची इतकी लाज वाटायची! माहेरी असं पाकीट गेलं तर आई म्हणेल, लेक कुठल्या दरिद्री घरात दिली. म्हणून मी चोरून दुकानातून गुलाबी पाकीट आणलं, चांगलं फुलाचं चित्र असलेलं, आणि त्यातून आईला पत्र धाडलं. आठवड्याने तिचं उत्तर आलं. त्याच पाकिटातून. उलटं करून चिकटवलेलं. फूल आत गेलं होतं.

"अगं ऊठ," मी सुनेला म्हणाले. "हे पिठाच्या गोंदाचं आहे ना? मग सुटेल."

ओलं फडकं जोडावर ठेवलं, थोडं थांबले, आणि नखाने कड उचलली. पाकीट आपणहून उघडलं, कुठे फाटलं नाही. तो जुना कंपनीचा गोंद असता, माझ्या जिभेचा जन्मभराचा वैरी, तर कागद सालटासारखा निघाला असता. प्लॅस्टिकची खिडकी असती तरी ती चुरगळली असती. आतली बाजू बाहेर केली. कोरी, स्वच्छ. कुंकू आत. नशीब, खिडकी मधोमध होती. कडेला असती तर उलटल्यावर पत्ता एका अंगाला आणि भोक दुसऱ्या अंगाला!

सुनेने पाकीट हातात घेतलं, त्यात पत्र घालून पाहिलं. नाव खिडकीत बरोबर बसलं.

"मैदा आहे का कुणाकडे?" ती उठून म्हणाली.

"आजेकडं असंल," वहिनी म्हणाली. "उद्योग करायला काय बी ठेवते ती संगं."

मैदा समोरच्या वाण्याकडून आणला, शेगडीवर खळ शिजवली. एक जोड सोडवते, एक उलटते, एक खळ लावते, एक वजनाखाली ठेवते. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आणि दुसऱ्या सकाळी. गाणं कुणी म्हटलं नाही. मूठभर पाकिटं फाटली, त्यांच्या पट्ट्या कापून गठ्ठ्यांना गुंडाळायला घेतल्या. मला खुर्ची मिळाली नाही. मी जमिनीवर बसून घड्या घातल्या आणि माझे गुडघे पुढे दोन दिवस मला शिव्या देत होते.

दुपारी मॅडम आल्या. साध्या, चष्म्यातल्या, पिशवी कापडाची. चाचाही आले, आले म्हणण्यापेक्षा तमाशा बघायला धावले. मॅडमनी गठ्ठ्याच्या मधलं एक पाकीट काढलं, वरचं नाही, हुशार बाई, आणि पत्रासकट बादलीत सोडलं. चहा होईपर्यंत बुडू दिलं. मग काठीने ढवळलं. कागद विरघळला, पत्र विरघळलं, खळ तर कुठल्या कुठे गेली. वर काहीही तरंगलं नाही.

पण पाणी गुलाबी झालं.

मॅडम वाकून पाहत राहिल्या. चाचा पुटपुटले, "कागज कभी कभी रंग छोड़ता है..." सुनेने त्यांना हाताने थांबवलं.

"मॅडम, ते कुंकू आहे," ती म्हणाली. आणि सगळं सांगितलं. मयताचं पत्र, हळदीकुंकू, पाकिटं उलटवली ते. माझं नाव मात्र तिने घेतलं नाही, 'आमच्याकडून लागलं' एवढंच म्हणाली. मग मलाच राहवलं नाही.

"हिच्याकडून नाही हो, माझ्याकडून. ही तर छापखान्यात होती."

"आन् माज्याकडून," वहिनी म्हणाली.

मॅडमनी विचारलं, "किती पाकिटं फुकट गेली?"

"मूठभर फाटली. ती या गठ्ठ्यांना गुंडाळली आहेत," सून म्हणाली.

त्यांनी गठ्ठ्यावरची पट्टी चाचपली. मग बायकांकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला सगळ्यांनाच हे मयताचं वाटलं?"

"वाटलं न्हाय, दिसलंच तसं," वहिनी म्हणाली. "माज्या घरी आलं असतं तर मी उगडलं नसतं. चुलीत घातलं असतं."

"मग कागद कितीही चांगला असून काय उपयोग? न उघडता गेलं म्हणजे सगळंच वाया." मॅडम खाली बसल्या, चक्क पोत्यावर. "पण शाई वाढवायची नाही, कागद वाढवायचा नाही. मग काय करायचं?"

"वर श्री काढा," एक बाई म्हणाली.

"पत्रं सगळ्या धर्मांच्या घरांत जातात," मॅडम म्हणाल्या.

"खिडकीतून नाव दिसतंच आहे," मी म्हणाले, "त्याच्या वर त्याच काळ्या शाईने दोन शब्द दिसू देत. 'सर्व खुशाल'. आमच्या वेळी प्रत्येक पत्र तिथूनच सुरू व्हायचं. ते वाचलं की माणूस खाली बसून बाकीचं वाचायचा."

"मेरी माँ भी यही लिखवाती थी," चाचा म्हणाले, "सब खैर।"

मॅडमनी पत्र हातात घेऊन नावाच्या वर पेनने ते दोन शब्द लिहिले, पाकिटात घातलं, हात लांब करून खिडकीतून वाचलं. मग वहिनीच्या हातात दिलं. "आता उघडाल?"

वहिनीने ते उघडूनच दाखवलं.

"ही खेप अशीच जाऊ द्या, फक्त पत्रं पुन्हा छापू नका, हे दोन शब्द रबरी शिक्क्याने उमटवा," मॅडम सुनेला म्हणाल्या. "पुढच्या महिन्यापासून छापायचे. आणि वर्षभराचं कुंकू..." त्या माझ्याकडे वळल्या, "तुमच्या पिशवीतच राहील ना, आजी?"

"माझ्या कपाळावर राहील," मी म्हणाले. "तिथे तुमची काही अट नाही ना?"

त्या गेल्यावर सून गाळ्याच्या मागच्या बाजूला फोन घेऊन गेली. मी बादली रिकामी करायच्या निमित्ताने तिच्यामागे गेले. ती मुंबईच्या ऑफिसशी इंग्रजीत बोलत होती, फार नम्रपणे. एक तारखेला मी येणार नाही, एवढं मला समजलं. फोन ठेवून तिने डोळे पुसले आणि मागे वळली तर मी उभी.

"आई, चोरून ऐकता?"

"बादली घेऊन आले होते."

"ते पाणी गटारात ओतू नका. लगदा गाळून चाचांना द्यायचाय, मिलसाठी." मग तिने माझ्या हातातली बादली घेतली, जड होती. "आणि उद्या सकाळी लवकर निघायचं. शिक्का करून घ्यायचाय, आणि गाळ्याच्या मालकाला सांगायचंय. तुम्ही येणार आहात ना?"

"मी काय करू येऊन? मी तर 'बाकी काही करू नका' वाली."

"तुम्ही शिक्के मारा," ती म्हणाली. "पण शाई मी देईन. आणि मी समोर असेन."